दाबपात्रांतील पृष्ठीय तडे : भंगविश्लेषणाची तत्त्वे आणि व्यवहार

प्रस्तावना

२३ जुलै १९८४ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, रोमिओव्हिल येथील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात एक उभे दाबपात्र फुटले. प्रोपेन व ब्यूटेन या वायूंमध्ये मिसळलेला हायड्रोजन सल्फाइड शोषून घेण्यासाठी वापरला जाणारा तो पोलादी मनोरा होता. त्याची उंची सुमारे १९ मीटर, व्यास २.६ मीटर आणि भिंतीची जाडी २५ मिलिमीटर होती. मनोऱ्याचा वरचा, सुमारे १४ मीटर लांबीचा भाग जवळजवळ एक किलोमीटर अंतरावर जाऊन पडला. स्फोट व त्यानंतर लागलेली आग यांत १७ जण मृत्युमुखी पडले.

या दुर्घटनेतील विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, पात्रावर त्या वेळी कोणताही जादा दाब नव्हता. ज्या आडव्या जोडाशी ते तुटले तेथे दाबामुळे निर्माण होणारे प्रतिबल अवघे ३५ मेगापास्कल होते. ज्या प्रतिबलाला पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते त्यास यील्ड प्रतिबल म्हणतात. त्या मर्यादेच्या सातव्या हिश्श्याइतकेही प्रतिबल या पोलादावर नव्हते. पाठ्यपुस्तकातील संकल्पनशास्त्राप्रमाणे हे पात्र सुरक्षिततेच्या कक्षेत फार आत होते. नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने केलेल्या तपासणीत याचे कारण स्पष्ट झाले. जोडालगत आतल्या बाजूने आधीपासूनच तडे होते. त्यांपैकी मोठा तडा सुमारे ८०० मिलिमीटर लांब होता आणि भिंतीच्या जाडीचा ९० टक्क्यांहून अधिक भाग त्याने व्यापला होता.

जो तडा भिंतीच्या एका पृष्ठभागापासून सुरू होतो, परंतु दुसऱ्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला नसतो, त्यास पृष्ठीय तडा म्हणतात. दाबपात्रांच्या बाबतीत हाच तडा सर्वाधिक आढळतो आणि त्याचेच मूल्यमापन सर्वाधिक अवघड असते. तडा सापडला म्हणजे पात्र बाद करावे, त्याची दुरुस्ती करावी की त्याला हात न लावता ते तसेच चालवावे, हा निर्णय कोणाला तरी घ्यावा लागतो. या निर्णयास शास्त्रीय आधार देणे हे भंगविश्लेषणाचे प्रयोजन होय. या तिन्हींपैकी ‘हात न लावणे’ हा पर्याय सामान्य बुद्धीला सर्वांत धोक्याचा वाटतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा सर्वांत सुरक्षित ठरतो, याचे विवेचन पुढे येईल.

तड्याच्या टोकाशी काय घडते

दंडगोलाकार पात्राच्या भिंतीत आतील दाबामुळे मुख्यतः दोन प्रकारची प्रतिबले निर्माण होतात. दाबाला त्रिज्येने गुणून जाडीने भागले असता परिघीय प्रतिबल मिळते. पात्राच्या लांबीच्या दिशेने कार्य करणारे अक्षीय प्रतिबल त्याच्या निम्मे असते. बॉयलरची नळी फुटते तेव्हा ती बहुधा लांबीच्या दिशेनेच चिरते, त्याचे कारण हेच. पारंपरिक संकल्पनेत यांपैकी मोठे प्रतिबल घ्यावयाचे, ते पोलादाच्या सामर्थ्यापेक्षा पुरेसे कमी आहे याची खात्री करावयाची आणि सुरक्षा गुणांक ठेवावयाचा, एवढेच अभिप्रेत असते. या हिशोबात एक गृहीतक दडलेले आहे. भिंत सर्वत्र अखंड आहे, असे त्यात मानलेले असते.

कापडदुकानदार ठाणातून कापड फाडताना आधी कडेला कात्रीचा लहानसा छेद देतो आणि मग दोन्ही हातांनी ओढतो. छेदाशिवाय जे कापड फाडणे कठीण, ते छेदानंतर सहज फाटत जाते. कापडाचे सामर्थ्य बदललेले नसते. बल एका बिंदूशी एकवटलेले असते. सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये लंबवर्तुळाकार छिद्राचे गणित मांडून हे एकवटणे किती असते ते दाखविले. छिद्र रुंदीच्या दहापट लांब असेल, तर त्याच्या टोकाशी प्रतिबल एकवीसपट होते. तथापि या गणिताने नवाच पेच निर्माण केला. तड्याचे टोक जवळजवळ शून्य रुंदीचे असते. तेव्हा तेथील प्रतिबल अनंत व्हावयास हवे आणि तडा असलेली प्रत्येक वस्तू अल्पशा बलानेही तुटावयास हवी. अनुभव तसा नाही.

ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा पेच ऊर्जेच्या आधारे सोडविला. तडा वाढताना नवे पृष्ठभाग निर्माण होतात आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. तडा वाढल्यामुळे वस्तूत साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा मुक्तही होते. मुक्त होणारी ऊर्जा खर्चाहून अधिक झाली की तडा आपोआप धावू लागतो. ग्रिफिथ यांचे प्रयोग काचेवर होते. पोलादात नवा पृष्ठभाग निर्माण करण्यापेक्षा तड्याच्या टोकापुढील धातू कायमचा ताणण्यातच बहुतांश ऊर्जा खर्च होते. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील जी. आर. अर्विन यांनी ही बाब लक्षात घेऊन सिद्धान्ताला व्यवहारोपयोगी रूप दिले. १९५७ मध्ये त्यांनी दाखविले की, तड्याच्या टोकाजवळील संपूर्ण प्रतिबलक्षेत्राची तीव्रता एकाच राशीने व्यक्त करता येते. ही राशी म्हणजे प्रतिबल-तीव्रता गुणांक होय. प्रतिबलाला तड्याच्या आकारमानाच्या वर्गमुळाने व एका भूमितीय अंकाने गुणले असता हा गुणांक मिळतो. त्याचे एकक मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ असे काहीसे अनोळखी आहे. पुढील विवेचनात त्यासाठी नुसते ‘एकके’ असे म्हटले आहे.

हा गुणांक ज्या मर्यादेला पोहोचला असता तडा अस्थिरपणे वाढू लागतो, ती मर्यादा हा त्या पदार्थाचा गुणधर्म असतो. त्याला येथे चिवटपणा म्हटले आहे. सामर्थ्य आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

डोळ्यांना दिसणारी लांबी आणि न दिसणारी खोली

आरपार गेलेल्या तड्याचे आकारमान एकाच अंकाने सांगता येते. पृष्ठीय तड्याला दोन अंक लागतात : पृष्ठभागावरील लांबी आणि भिंतीतील खोली. प्रत्यक्षातील तडे वेडेवाकडे असले तरी विश्लेषणासाठी त्यांचा छेद अर्धलंबवर्तुळाकार मानतात. तड्याची संपूर्ण कडा भिंतीच्या आत कमानीसारखी पसरलेली असते आणि या कमानीवरील प्रत्येक बिंदूशी तीव्रता गुणांक वेगळा असतो. समस्या त्रिमितीय आहे आणि तिचे नेमके उत्तर देणारे सोपे सूत्र नाही.

अनंत विस्ताराच्या घन पदार्थात पुरलेल्या लंबवर्तुळाकार तड्याचे गणित ए. ई. ग्रीन व आय. एन. स्नेडन यांनी १९५० मध्ये सोडविले होते. अर्विन यांनी १९६२ मध्ये त्याच्या आधारे पृष्ठीय तड्यासाठी अंदाजी सूत्र दिले. उथळ तड्यांसाठी ते चांगले होते. परंतु तडा भिंतीच्या मागील पृष्ठाजवळ येऊ लागला की ते अपुरे पडे. संगणकावर त्रिमितीय फायनाइट एलिमेंट पद्धती वापरणे शक्य झाल्यानंतर आय. एस. राजू व जे. सी. न्यूमन यांनी नासाच्या लँगली संशोधन केंद्रात अनेक आकारांच्या तड्यांसाठी हे गुणांक काढले. त्या आकडेवारीला बसणारे समीकरण १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. दंडगोलाकार दाबपात्रांसाठी त्याचे विस्तारित रूप पुढच्याच वर्षी आले. चार दशकांनंतरही अभियंत्यांच्या नित्य वापरातील हे समीकरण आहे. ते सैद्धान्तिक नसून आकडेवारीवरून बसविलेले आहे, याचा विसर मात्र वापरणाऱ्यास अनेकदा पडतो.

या समीकरणातून तीन बोधप्रद गोष्टी निघतात. पहिली अशी : खोली सारखीच असली तरी लांब तडा आखूड तड्यापेक्षा अधिक घातक असतो. खूप लांब व उथळ ओरखड्याचा तीव्रता गुणांक त्याच खोलीच्या अर्धवर्तुळाकार तड्याच्या खोलबिंदूशी असणाऱ्या गुणांकाच्या सुमारे १.७ पट भरतो. चिवटपणाशी तुलना करताना वर्ग करावा लागत असल्यामुळे, या बिंदूपुरते पाहता अर्धवर्तुळाकार तडा लांब ओरखड्याच्या जवळजवळ तिप्पट खोल असला तरी चालू शकतो. म्हणजे नुसती खोली सांगून भागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या तड्याची लांबी खोलीच्या पाचपट आहे अशा उथळ तड्यात सर्वाधिक तीव्रता सर्वांत खोल बिंदूशी असते. पृष्ठभागावरील टोकांशी ती त्याच्या सुमारे ७० टक्केच असते. दाब वारंवार चढत-उतरत असेल, तर तडा हळूहळू वाढतो. पॅरिस व एर्दोगान यांनी १९६३ मध्ये विशद केलेल्या नियमानुसार प्रत्येक आवर्तनातील वाढ तीव्रतेच्या बदलाच्या विशिष्ट घातावर अवलंबून असते आणि पोलादासाठी हा घातांक साधारणतः ३ च्या आसपास असतो. खोल बिंदूशी तीव्रता १ आणि टोकाशी ०.७ असेल, तर टोकाशी होणारी वाढ खोल बिंदूच्या सुमारे एक तृतीयांशच भरते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, तडा आतल्या आत खोल होत जातो आणि बाहेरून त्याची लांबी जवळजवळ तेवढीच दिसते. दर वर्षी फूटपट्टी लावून ‘तडा वाढलेला नाही’ अशी नोंद करणारा निरीक्षक प्रामाणिक असूनही फसू शकतो.

तिसरी गोष्ट याच क्रमातील आहे. तडा खोल होत होत अर्धवर्तुळाजवळ आला की पारडे फिरते. अर्धवर्तुळाकार तड्यात पृष्ठभागावरील टोकांशी तीव्रता खोल बिंदूपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी अधिक असते. त्यामुळे एकसारख्या ताणाखाली वाढणारे तडे निरनिराळ्या आकारांतून सुरू झाले तरी अर्धवर्तुळाहून किंचित चपट्या आकाराकडे झुकतात.

तपासणीच्या पद्धती याच दृष्टीने पाहाव्या लागतात. रंगद्रव झिरपवून केली जाणारी डाय पेनिट्रंट चाचणी व चुंबकीय कणांची चाचणी या दोन्ही लांबी उत्तम दाखवितात, खोलीबद्दल मात्र मौन बाळगतात. खोलीसाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींचा म्हणजे अल्ट्रासॉनिक चाचणीचा आश्रय घ्यावा लागतो. क्ष-किरण चित्रणात, किरणांच्या दिशेशी तिरका असलेला घट्ट मिटलेला तडा बहुधा निसटतो. येथे एक प्रश्न अनेकदा उलटा विचारला जातो. एखादी पद्धती किती लहान तडा शोधू शकते, हे विश्लेषणाच्या दृष्टीने दुय्यम आहे. किती मोठा तडा तिच्या नजरेतून सुटू शकतो, हे कळले पाहिजे. गणितात घ्यावयाचा तो आकडा हाच. अमेरिकी यांत्रिकी अभियंता संघटनेची संहिता अणुभट्टीच्या पात्रासाठी याच विचाराने भिंतीच्या जाडीच्या पाव हिस्सा खोल आणि दीडपट लांब असा तडा आहे असे गृहीत धरावयास सांगते. असा तडा सापडलेला नसतो. तो आहे असे मानून पात्र सुरक्षित ठरले पाहिजे.

अधिक बळकट पोलाद, अधिक लहान तडा

सामर्थ्य व चिवटपणा यांतील भेद एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. १ मीटर त्रिज्येचे, ६ मेगापास्कल दाबाचे पात्र दोन प्रकारच्या पोलादांतून तयार करावयाचे आहे असे समजू.

पहिले पोलाद बॉयलरसाठी वापरतात तसे साधे आहे. यील्ड प्रतिबल २६० मेगापास्कल, चिवटपणा १५० एकके. परिघीय प्रतिबल १४० मेगापास्कल ठेवावयाचे तर भिंत सुमारे ४३ मिलिमीटर जाड लागेल. दुसरे पोलाद अतिबळकट मॅरेजिंग जातीचे आहे. यील्ड प्रतिबल १७०० मेगापास्कल, चिवटपणा ९० एकके. त्यावर १००० मेगापास्कल प्रतिबल येऊ दिले तर ६ मिलिमीटर जाडी पुरते. वजन सातव्या हिश्श्यावर येते. दोन्ही पात्रांत सुरक्षेचे पारंपरिक प्रमाण सारखेच नव्हे, तर जवळजवळ एकच आहे : प्रतिबल यील्डच्या ५४ ते ५९ टक्के.

आता भिंतीत लांबी खोलीच्या पाचपट असलेला तडा आहे असे मानून राजू-न्यूमन समीकरण लावले, तर दुसऱ्या पात्रात अवघा २.४ मिलिमीटर खोल व १२ मिलिमीटर लांब तडा भंगास पुरेसा ठरतो. पहिल्या पात्रात भंगास लागणारी खोली गणिताने सुमारे ०.४ मीटर येते. भिंतच ४३ मिलिमीटरची असल्याने या उत्तराचा अर्थ एवढाच की, तडा भिंत पार करून जाईल, पण पात्र त्या क्षणी फुटणार नाही. यील्ड प्रतिबल साडेसहापट झाले असता सहन होणारा तडा नखाच्या जाडीवर आला.

एप्रिल १९६५ मध्ये अमेरिकेत नेमके हेच अनुभवास आले. ६.६ मीटर व्यासाच्या एका प्रचंड घन-इंधन अग्निबाणाचे मॅरेजिंग पोलादाचे कवच पाण्याच्या दाबाने तपासले जात असता ठरविलेल्या चाचणी-दाबाच्या ५६ टक्क्यांवरच फुटून त्याचे तुकडे झाले. भंगाचा उगम जोडाच्या दुरुस्त केलेल्या भागालगतच्या एका लहान दोषात होता.

भारताच्या पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्याचे २.८ मीटर व्यासाचे कवचही याच कुळातील पोलादाचे असते. हैदराबादच्या मिधानी या कारखान्यातील हे पोलाद आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर व मुंबईतील पवई येथील कारखान्यांत तयार झालेली कवचे यांमुळे हा विषय महाराष्ट्राच्या कारखानदारीशीही जोडला गेलेला आहे. अशा कवचाच्या प्रत्येक जोडाची तपासणी इतक्या बारकाईने का करावी लागते, याचे उत्तर वरील २.४ मिलिमीटरच्या आकड्यात आहे.

अणकुचीदार टोक आणि ठिसूळ भंग एवढाच विचार सर्वत्र पुरतो असे मात्र नाही. साध्या पोलादात तड्यापुढील उरलेली भिंत आधी संपूर्ण ताणली जाऊन कोसळू शकते. म्हणून ब्रिटनच्या मध्यवर्ती वीजनिर्मिती मंडळाने १९७६ मध्ये मांडलेल्या आर-६ पद्धतीत दोन्ही शक्यता एकाच आलेखावर घेतल्या जातात : एका अक्षावर तीव्रतेचे चिवटपणाशी प्रमाण, दुसऱ्यावर भाराचे कोसळण्याच्या भाराशी प्रमाण. तड्याचा बिंदू वक्ररेषेच्या आत पडला तर पात्र सुरक्षित. पुढे आलेल्या बीएस ७९१० व एपीआय ५७९ या मानकांनी हीच वाट चोखाळली.

जलदाब चाचणी काय सिद्ध करते

पात्र सेवेत घेण्यापूर्वी नेहमीच्या दाबापेक्षा अधिक दाबाने पाणी भरून तपासण्याची प्रथा जुनी आहे. वायूऐवजी पाणी घेतात, कारण पाणी फारसे दबत नसल्यामुळे पात्र फुटले तरी मुक्त होणारी ऊर्जा तुलनेने कमी असते. चाचणीत उतरले म्हणजे पात्र निर्दोष, अशी सर्वसाधारण समजूत असते. भंगयांत्रिकीच्या दृष्टीने चाचणीचे म्हणणे बरेच मर्यादित, पण अधिक नेमके असते. या दाबाला घातक ठरेल एवढा तडा चाचणीच्या क्षणी पात्रात नव्हता, एवढेच ती सांगते.

वरील उदाहरणातील मॅरेजिंग पात्र नेहमीच्या दाबाच्या १.१ पट दाबाने तपासले व ते टिकले, तर त्यात सुमारे २.१ मिलिमीटरपेक्षा खोल तडा नाही अशी खात्री मिळते. सेवेतील घातक खोली २.४ मिलिमीटर आहे. हातात उरलेले अंतर ०.३ मिलिमीटर! चाचणी १.२५ पट दाबाची असेल, तर हे अंतर सुमारे ०.७ मिलिमीटर होते. तडा तेवढे अंतर किती आवर्तनांत कापेल हे पॅरिस नियमाने काढता येते आणि पुढील चाचणी केव्हा घ्यावी हे त्यावरून ठरते. एकदाच उडणाऱ्या अग्निबाणाला हे अंतर पुरते. रोज चालू-बंद होणाऱ्या पात्राला ते कदाचित पुरणार नाही.

चाचणीचे पाणी किती थंड आहे यालाही महत्त्व आहे. साध्या पोलादाचा चिवटपणा तापमानाबरोबर झपाट्याने घटतो. सेवेत २५० अंशांवर सुरक्षित असलेले जाड पात्र हिवाळ्यातील थंड पाण्याने तपासताना फुटू शकते. मे १९६६ मध्ये स्कॉटलंडमधील कॉकेन्झी वीजकेंद्रातील बॉयलरचा सुमारे १४० मिलिमीटर जाड भिंतीचा ड्रम जलदाब चाचणीत फुटला. भंगाच्या मुळाशी ३३० मिलिमीटर लांब व ९० मिलिमीटर खोल असा पृष्ठीय तडा आढळला. त्याचा पृष्ठभाग काळवंडलेला होता. तडा उष्णोपचाराच्या वेळीच अस्तित्वात आलेला होता आणि नंतरच्या पाहण्यांत तो कोणाच्याही ध्यानात आला नव्हता.

आधी गळती, की आधी भंग

पृष्ठीय तडा खोल होत जाऊन भिंत पार करतो तेव्हा दोन गोष्टी संभवतात. तडा आरपार होऊन तेथेच थांबतो आणि पात्र गळू लागते. किंवा तो थांबत नाही आणि पात्र फुटते. पहिला प्रकार घडावा अशी तजवीज करणे म्हणजे ‘भंगापूर्वी गळती’ हे तत्त्व होय. आरपार गेलेल्या तड्याची लांबी त्या पोलादाच्या घातक लांबीपेक्षा कमी असली पाहिजे, ही त्याची अट आहे. वरील साध्या पोलादाच्या पात्रात ही घातक लांबी सुमारे ३४० मिलिमीटर येते. जाडीच्या दुप्पट-तिप्पट लांबीचा तडा आरपार गेला तरी पात्र गळेल, फुटणार नाही. मॅरेजिंग पात्रात ही मुभा जवळजवळ नाहीच.

या तत्त्वावर विसंबताना रोमिओव्हिलची घटना पुन्हा आठवावी लागते. तेथे गळती खरोखरच आधी झाली. पात्राच्या तळाजवळ सुमारे १५० मिलिमीटर लांबीच्या आडव्या फटीतून वायू बाहेर पडत असल्याचे एका कामगाराने पाहिले. त्याने आत येणारा प्रवाह बंद करण्याचा प्रयत्न केला. फट वाढून सुमारे ६०० मिलिमीटर झाली आणि थोड्याच वेळात पात्र फुटले. अग्निशामक कर्मचारी तेव्हा घटनास्थळी पोहोचत होते. भंगापूर्वी गळती होती; तिच्यामागे आठशे मिलिमीटर लांबीचा तडा होता, आणि म्हणून तिने दिलेला अवधी काही मिनिटांचाच ठरला. तडा लांबट आणि समांतर खोल होत गेलेला असेल, तर भिंतीचा शेवटचा पातळ पापुद्रा एका ठिकाणी फुटताच उरलेली लांबी मोकळी होते. गळणाऱ्या फटीची लांबी म्हणजे तड्याची लांबी नव्हे.

शिवाय त्या पोलादाचा चिवटपणा कागदावर होता तेवढा उरलेला नव्हता. हायड्रोजन सल्फाइडमुळे होणाऱ्या गंजातून निर्माण झालेला हायड्रोजन पोलादात शिरला होता आणि त्याने भंगास होणारा विरोध निम्म्याहून कमी केला होता.

दुरुस्तीचा प्रश्न

रोमिओव्हिलचे पात्र १९७० मध्ये सेवेत आले. १९७४ मध्ये त्याच्या भिंतीचे एक कडे बदलून नवे बसविण्यात आले. हे वेल्डिंग जागेवरच झाले आणि त्यानंतर प्रतिबले सैल करणारा उष्णोपचार करण्यात आला नाही. वेल्डिंगच्या वेळी तापून झटपट थंड झालेल्या लगतच्या पट्ट्यात पोलाद कठीण झाले. हायड्रोजनमुळे पडणारे तडे अशाच कठीण पट्ट्यात सुरू होतात. दहा वर्षांनी पात्र तुटले ते याच दुरुस्तीच्या जोडालगत. १९६५ चे अग्निबाण-कवचही दुरुस्त केलेल्या जोडालगतच फुटले होते, हे वर आलेच आहे.

हे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही. कारखान्यात केलेले वेल्डिंग सोयीच्या स्थितीत, आधी तापवून आणि नंतर भट्टीत उष्णोपचार करून होते. दुरुस्तीचे वेल्डिंग अडचणीच्या जागी, आखूड लांबीत आणि चहूबाजूंनी थंड व ताठर असलेल्या भिंतीत करावे लागते. आकुंचनाला वाव नसल्याने मागे राहणारे अवशिष्ट प्रतिबल यील्डच्या जवळपास पोहोचू शकते. मूळ तड्यावर दाबाचे १४० मेगापास्कल प्रतिबल होते. दुरुस्तीनंतर उरलेल्या बारीक दोषावर त्याच्या दुप्पट प्रतिबल असू शकते, तेही अधिक ठिसूळ झालेल्या धातूत. गणिताने निरुपद्रवी ठरलेला तडा काढून त्या जागी गणितात न बसणारा दोष ठेवण्याचा हा व्यवहार आहे. असे असूनही ‘तडा सापडला आणि तसाच ठेवला’ असे नोंदवहीत लिहिण्याचे धाडस फार थोडे व्यवस्थापक करतात, कारण दुरुस्ती केल्याचे श्रेय मिळते आणि न केल्याचा जाब द्यावा लागतो.

याचा अर्थ तड्याकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. तड्याची खोली व लांबी मोजलेली हवी. त्यात मोजमापातील चूक मिळवलेली हवी. त्या ठिकाणच्या धातूचा, म्हणजे मूळ पत्र्याचा नव्हे तर जोडालगतच्या पट्ट्याचा, सर्वांत कमी तापमानाचा चिवटपणा माहीत हवा. जुन्या पात्रांच्या कागदपत्रांत तो बहुधा नसतो. तेव्हा त्या जातीच्या पोलादासाठी मानकांनी दिलेली खालची मर्यादा धरतात. तडा कशामुळे पडला हेही कळलेले हवे, कारण कारण चालू असेल तर आजचे गणित उद्या लागू पडत नाही. रोमिओव्हिलमध्ये कारण दहा वर्षे चालू होते.

तडा उथळ असेल आणि भिंतीची जाडी आवश्यकतेपेक्षा अधिक असेल, तर वेल्डिंगला हात न लावता ग्राइंडरने तो पुसून काढणे हा मधला मार्ग असतो. राहणारा खळगा कडांना उतरता व गुळगुळीत ठेवतात. अणकुचीदार टोक गेल्यामुळे तेथे तीव्रता गुणांकाचा प्रश्न उरत नाही आणि केवळ उरलेल्या जाडीचा हिशोब करावा लागतो. मात्र ग्राइंडरखाली मऊ झालेला धातू तड्याच्या तोंडावर सारवला जातो आणि नुसत्या डोळ्यांना जागा स्वच्छ दिसते. म्हणून घासल्यानंतर तो भाग सौम्य आम्लाने धुऊन पुन्हा रंगद्रवाने अथवा चुंबकीय कणांनी तपासतात. रेषा उमटली तर आणखी अर्धा मिलिमीटर घासून तपासणी पुन्हा पहिल्यापासून करतात.